फी हजार, खर्च अठ्ठावीसशे

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या एका वस्तीत आम्ही पंधरा जणी आठवड्यातून तीन दिवस एकत्र व्यायाम करतो. जागा समाजमंदिराची, वेळ रात्री साडेआठ ते सव्वानऊ. बहुतेक जणी धुणंभांडी करणाऱ्या, दोघी सफाईच्या कामाला, एक शिवणकाम करणारी. हा गट सुरू होण्याआधी त्यांच्यातल्या एका मावशींना घेऊन मी दोन स्टॉप पुढच्या एका जिममध्ये चौकशीला गेले होते. मावशी पन्नाशीच्या, गुडघे दुखणारे, साखर नुकतीच निघालेली. डॉक्टरांनी गोळ्यांच्या खाली ‘व्यायाम करा’ एवढंच लिहून दिलं होतं.

काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे बघून पॅकेज सांगू लागला. “यांना करायचाय व्यायाम,” मी म्हटलं. तो जरा थांबला. मग म्हणाला, “लेडीज बॅच अकरा ते एक. साडी चालत नाही, ट्रॅक पँट लागेल. आतले शूज वेगळे लागतात.” मावशींनी पायातली चप्पल हळूच मागे ओढून घेतली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “अकराला मी तिसऱ्या घरी असते गं.”

जिमची फी महिना १००० रुपये होती. मावशींना तो व्यायाम कितीला पडला असता, याचा हिशेब आजच्या भावाने मांडते. बसचं जाण्यायेण्याचं किमान भाडं २० रुपये, महिन्याचे चोवीस दिवस धरले तर ४८०. बूट आणि दोन जोड कपडे साधारण १८००, ते वर्षभर पुरले तर महिन्याला १५०. आणि अकराची वेळ साधायची तर तिसऱ्या घरचं काम सोडायचं, म्हणजे १२०० रुपयांचा पगार बुडाला. बेरीज २८३०. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १५०० रुपये सगळे इथे ओतले तरी तेराशेच्या वर कमी पडतात.

व्यायामाचा खर्च काढताना लोक फी विचारतात आणि तिथेच थांबतात. माझी विनंती आहे की पाच गोष्टी मांडा: फी, प्रवास, कपडे-बूट, बुडणारी मजुरी आणि घरी मुलं किंवा आजारी माणूस असेल तर त्यांच्याजवळ कोण थांबणार. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी हातावर पोट असलेल्या माणसाला फीपेक्षा महाग पडतात. जिमवाल्याने फी निम्मी केली, तरी मावशी अकरा वाजता येऊ शकणार नव्हत्या.

आता भाव. तालुक्याच्या गावातली साधी जिम महिन्याला ५०० ते ८०० रुपये घेते. शहरातल्या गल्लीतली जिम १००० ते २०००. वातानुकूलित, साखळीतली जिम २००० ते ४०००, आणि तिथे प्रवेश शुल्क वेगळं. योगवर्ग ५०० ते १२००, झुंबाची बॅच ८०० ते १५००. पर्सनल ट्रेनर घ्यायचा तर महिना पाच हजारांच्या पुढेच धरा. महापालिकांच्या व्यायामशाळा आणि जलतरण तलाव बहुधा यापेक्षा स्वस्त असतात. ज्येष्ठ, दिव्यांग, विद्यार्थी, महिला यांच्यासाठी तिथे अनेक ठिकाणी सवलतीचा दर असतो, पण काउंटरवर तो आपणहून सांगितला जाईलच असं नाही. दरपत्रक मागा. भिंतीवर लावलेलं नसेल तर क्षेत्रीय कार्यालयात विचारा.

पैसे भरण्याआधी जीएसटीचं बघा. जिम आणि योगवर्गांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. म्हणजे हजाराच्या फीवर ५० रुपये. कोणी अजून १८० मागत असेल तर ते चूक आहे. छोट्या जिमची जीएसटी नोंदणीच नसेल, तर तिला कर आकारताच येत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक आहे का, एवढं पाहिलं की झालं.

दुसरी गोष्ट वार्षिक पॅकेजची. “महिन्याचे हजार म्हणजे वर्षाचे बारा हजार, पण आज भरले तर सातच हजार,” हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. घाई करू नका. सात हजार भरून तुम्ही चाळीस दिवस गेलात, तर एका दिवसाला १७५ रुपये पडले. महिन्याचे हजार भरून वीस दिवस गेलात, तर एका दिवसाला पन्नास. ज्यांच्या घरी कधीही आजारपण निघू शकतं, गावाकडे पंधरा दिवस जावं लागतं, कामाच्या वेळा बदलतात, त्यांनी पहिले तीन महिने तरी महिन्यामहिन्यानेच भरावं. हप्त्यांवर सभासदत्व घेताना तर फारच जपा. तो हप्ता बहुतेक वेळा जिमचा नसतो, कर्ज देणाऱ्या वेगळ्या कंपनीचा असतो. जिमला कुलूप लागलं तरी हप्ता चालूच राहतो. थोडी रक्कम जमवायचीच असेल तर पाच जणींची भिशी लावा. तिला व्याज नाही, आणि एक जण सुटली तर बाकीच्या विचारायला येतात.

तिसरी गोष्ट प्रोटीन पावडरची. पहिल्याच आठवड्यात डबा पुढे केला जातो. किलोचा डबा दोन ते साडेतीन हजारांचा, म्हणजे २५ ग्रॅम प्रथिनांचा एक चमचा साधारण ७० ते १०० रुपयांना. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांतही जवळपास २५ ग्रॅम प्रथिनं असतात आणि ते पंधरा-वीस रुपयांत येतात. सोयाबीनच्या वड्यांत त्याच्या दुपटीने. एका अंड्यात सहा ग्रॅम. शेंगदाण्यांत तेलही असतं, तेव्हा एकदम शंभर ग्रॅम खाऊ नका. मूठभर शेंगदाणे, एक अंडं, वाटीभर उसळ असं दिवसभरात वाटून घ्या. साखर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. घेतलीच तर डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक आहे का ते पाहा.

आता, व्यायाम मुळात किती लागतो? जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी: मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल इतपत हालचाल करावी, आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम करावेत. पासष्टीपुढच्यांनी तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत. यासाठी यंत्र लागतं असं कुठेही म्हटलेलं नाही.

इथे नेहमी येणारा एक प्रश्न आहे. आमच्या गटातही पहिल्या दिवशी आला. “चार घरची कामं करतो, आमचा व्यायाम होतोच की.” हा प्रश्न खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. चालणं, उभं राहणं, वाकणं या हालचाली शरीराला लागतातच. पण कामात एकच अंग आठ तास राबतं. फरशी पुसताना गुडघे आणि कंबर, धुणं पिळताना मनगटं, ओट्याशी पाय. थांबायचं कधी, हे आपल्या हातात नसतं. व्यायामात थांबायचं आपण ठरवतो, आणि कामात न वापरलेले स्नायू वापरतो. मावशींना भिंतीला हात टेकून जोर काढायला सांगितलं तेव्हा त्यांना चारच जमले. दिवसाला शंभर भांडी घासणारे ते हात होते. सहा महिन्यांनी त्या पंधरा काढायला लागल्या. साखर तपासायला गेल्या तेव्हा डॉक्टरांना त्यांनी आधी जोरांचं सांगितलं.

तेव्हा जिम परवडत नसेल, किंवा जिमला तुम्ही नको असाल, तर काय करायचं?

उद्यानांतली खुली व्यायामशाळा फुकट असते. पण तिचाही अभ्यास करून जा. तिथल्या यंत्रांवर बहुतेक वेळा आपलंच वजन उचलायचं असतं, ते कमी-जास्त करता येत नाही. म्हणून गुडघे दुखणाऱ्याने पायाने ढकलायचं यंत्र सांभाळून वापरावं. हलणाऱ्या दांड्याच्या यंत्रावर साडीचा काठ किंवा ओढणी अडकते. पदर खोचून, ओढणी गाठ मारून मगच चढा. बोल्ट ढिला झालेला, पाय ठेवायची पट्टी डुगडुगणारी असेल तर त्या यंत्राला हात लावू नका, फोटो काढून क्षेत्रीय कार्यालयात द्या. रात्री दिवा नसतो, यंत्रांवर पोरं गप्पा मारत बसलेली असतात, आणि एकटी बाई परत फिरते. तिघी-चौघींनी मिळून गेलं की हीच जागा वापरता येते. आम्ही आधी दिव्यासाठी अर्ज दिला, मग गेलो.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या कोणालाही फुकट आहेत. ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांच्यासाठी त्याहून चांगलं यंत्र नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी चढून हळू उतरावं, कारण भार उतरताना जास्त येतो.

आमच्या समाजमंदिरातल्या गटाचा जमाखर्च देते, कारण तोच लोक विचारतात. प्रत्येकीची वर्गणी महिना १०० रुपये, एकूण १५००. त्यातून विजेचे आणि झाडलोटीचे ३०० समाजमंदिराला. शिकवणाऱ्या ताई महिन्यातून दोनदा येतात, त्यांना दर खेपेला ५००. उरलेले २०० साठवतो. सुरुवातीला रबरी पट्टे घेतले, दहा नग १५०० रुपयांना, तेवढाच मोठा खर्च. सतरंज्या मंडळाच्या. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या, एक लिटर म्हणजे एक किलो. खुर्च्या गणपतीच्या मांडवातल्या, पण तपासून घेतलेल्या, पाय न फाकणाऱ्या. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीवरचे जोर, टाचा उचलणं, रबरी पट्टा ओढणं, शेवटी पाच मिनिटं अंग ताणणं. ज्यांना सूर्यनमस्कार जमतात, त्या घालतात. ज्यांना जमिनीवरून उठता येत नाही त्या खुर्चीवरच करतात, आणि त्यांना कोणी “तुम्ही बसा नुसत्या” असं म्हणायचं नाही, हा आमचा एकमेव कडक नियम आहे.

मुलं बरोबर येतात. दर दिवशी एक जण त्यांच्याजवळ बसते, पाळीपाळीने. हे ठरवलं नसतं तर पंधरातल्या सात जणी आल्याच नसत्या. वेळही आम्ही सगळ्या जणींना विचारून ठरवली. सकाळी सहा, म्हणजे व्यायामाची म्हणून ठरलेली वेळ, एकीलाही चालणारी नव्हती.

सुरू करण्याआधी तपासणी करून घ्या. आरोग्य उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे आताचं आयुष्मान आरोग्य मंदिर, इथे तिशीपुढच्या माणसाचा रक्तदाब आणि साखर मोफत तपासतात. कित्येक केंद्रांत योगवर्गही होतात, तेही विनामूल्य. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी व्यायाम करू नका, जवळ साखर किंवा गूळ ठेवा. छातीत दुखलं, भोवळ आली, डाव्या हाताला कळ गेली तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा.

ज्यांना दारातूनच परत पाठवलं जातं त्यांच्याबद्दल आता थोडं सविस्तर.

चाकाची खुर्ची वापरणाऱ्याने आधी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: दारात पायऱ्या किती, दाराची रुंदी किती, संडासात खुर्ची वळते का. दार ९० सेंटिमीटरचं असलं तर अडचण येत नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा खासगी सेवा देणाऱ्यांनाही सुगम्यतेची जबाबदारी देतो, तेव्हा विचारताना अपराध्यासारखं वाटून घेऊ नका. दृष्टिहीनांना व्यायाम जमणार नाही, असं समजणाऱ्यांनी दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराकडे पाहावं. तिथले मल्लखांबाचे गुरू उदय देशपांडे यांनी दिव्यांग आणि अनाथ मुलांना मल्लखांब शिकवला, आणि २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मल्लखांबाची दोरी हाताला कळते, गुरूचा आवाज कानाला कळतो. साध्या वर्गातही शिकवणाऱ्याने “असं करा” न म्हणता “उजवा हात खांद्याच्या उंचीवर, तळवा खाली” असं म्हटलं की दृष्टिहीन माणूस बरोबरीने करतो. यासाठी एक रुपया लागत नाही. ऐकू न येणाऱ्यांसाठी शिकवणाऱ्याने तोंड समोर ठेवावं, एवढंच.

वजन जास्त असलेल्यांना जिममध्ये शिरताना पहिलं दर्शन ‘आधी-नंतर’च्या फोटोंचं होतं. अशा ठिकाणी जाण्याची सक्ती नाही. घरी ट्रेडमिल घेणार असाल तर त्यावर वापरणाऱ्याची कमाल वजनमर्यादा लिहिलेली असते, ती आधी वाचा. स्वस्त यंत्रांची मर्यादा अनेकदा १०० किलोच्या आसपास असते, आणि मोटर जळली की दुरुस्तीवरून वाद होतो. वीस-पंचवीस हजार घालण्यापेक्षा त्यातले दीड हजार चांगल्या बुटांत घाला आणि चाला.

तृतीयपंथी मैत्रिणींची अडचण पैशांची कमी आणि दाराची जास्त. फी भरायला तयार असूनही “बाकीचे मेंबर काय म्हणतील” हे उत्तर त्यांना मिळतं. २०१९ चा तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा लोकांसाठी खुल्या असलेल्या सेवांमध्ये असा भेदभाव करायला मनाई करतो. उत्तर लेखी मागा. लेखी मागितलं की बहुतेक वेळा आधीचं उत्तर बदलतं. आणि तालमी, मंडळं, आखाडे चालवणाऱ्यांनी स्वतःला एक गोष्ट विचारावी: “कुठल्या गल्लीतला, कोणाचा?” हा प्रश्न आपण नव्या पोराला का विचारतो? त्या प्रश्नाने किती मुलं उंबऱ्यावरून मागे फिरली, याची नोंद कोणत्याही वहीत नाही.

दार उघडायला खर्च किती येतो, तेही बघू. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं प्रमाण एकास बारा असावं लागतं. म्हणजे १५ सेंटिमीटरची एक पायरी असेल तर १८० सेंटिमीटर लांबीचा उतार. वीट-सिमेंट आणि गवंड्याची मजुरी धरून दहा-पंधरा हजारांत होतो. बायकांची बॅच संध्याकाळी सातनंतर एक ठेवली तर खर्च शून्य. कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली, पडदा नव्हे. साडीत, सलवारीत, हिजाबात येणाऱ्या बाईला यंत्राचे धोके समजावून सांगा आणि तिला जमतील ते व्यायाम द्या. सगळे व्यायाम यंत्रावरचे नसतात. एका दिवसाची फी पन्नास रुपये ठेवली, तर रोजंदारीवर जगणारा माणूस ज्या दिवशी हाती पैसा आहे त्या दिवशी येऊ शकतो. माझ्या मते या एका बदलाने सर्वाधिक फरक पडेल.

पैसा सरकारी वाटेनेही येऊ शकतो. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हा निधी अनेकदा मार्चमध्ये घाईने कशावर तरी उडवला जातो. ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिथे ठराव मांडा: समाजमंदिरात उतार, दिवा, सतरंज्या, रबरी पट्टे. वीस-तीस हजारांचा विषय असतो. नोंदणीकृत मंडळ असेल तर व्यायामशाळा विकासाच्या अनुदानासाठी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. अर्जात बायकांच्या वेळेचा आणि दिव्यांगांच्या सोयीचा उल्लेख घालाच, म्हणजे पुढे साहित्य आल्यावर ते कोणासाठी आलं हे कागदावर राहतं. तालुक्याच्या गावी जावं लागणार असेल तर एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे.

फसवणूक झालीच तर काय? जिम बंद पडली, सांगितलेली बॅच रद्द केली, अपंगत्वामुळे फी भरूनही आत घेतलं नाही, तर आधी जिमला लेखी कळवा आणि पोच ठेवा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलता येतं. तरी भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. पावतीवर ‘फी परत मिळणार नाही’ असं छापलंय म्हणून घरी बसू नका. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा एकतर्फी, अन्यायकारक कराराविरुद्धही दाद देतो. पण यासाठी पावती लागते. रोख देऊन “लिहून ठेवतो वहीत” यावर विसंबू नका. आमच्यातल्या एकीचे तीन हजार अशाच एका वहीत गेले, आणि ती वही कोणी पुन्हा पाहिली नाही.

तुमच्या वस्तीत, गावात, सोसायटीच्या मागच्या चाळीत एखादं समाजमंदिर, बुद्धविहाराचा हॉल, शाळेची खोली रात्री साडेआठनंतर रिकामी असेल. तिची किल्ली कोणाकडे असते, ते उद्या विचारून या. आम्हाला ती मागितल्यावर चौथ्या दिवशी मिळाली.